दहा मिनिटांचा सौदा

वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला फसवलं. सौदा ठरला होता. मी माझी बाजू पुरी केली, त्यांनी त्यांची केली नाही. यात गैरसमज वगैरे काही नाही. मी आधी कापडाची दलाली केली, मग गोदामाचे गाळे बांधून भाड्याने दिले. जन्म सौद्यात गेलाय. समोरचा खरंच विसरला की विसरल्याचं सोंग करतोय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

वाचनालयाच्या सभागृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं आणि वार्षिक साहित्य मेळावा तोंडावर आला होता. सोमवारी सकाळी कार्यवाह माझ्या ऑफिसात आले. ते निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो.

"शेठ, अंबाडी रस्त्यावरचा तुमचा गाळा रिकामा आहे म्हणे."

"रिकामा कुठला? भाडेकरू यायचाय."

"रविवार संध्याकाळपुरता द्या. साहित्याची सेवा घडेल."

"सेवा फुकट असते का, सर?"

ते कसंनुसं हसले. "भाडं सांगा. पण वाचनालयाची परिस्थिती तुम्ही जाणताच."

"भाडं नको. दहा मिनिटं द्या."

त्यांना कळेना. मग मी सांगितलं की मला व्यासपीठावरून एका पुस्तकावर बोलायचंय. इतकी वर्षं मी मेळाव्याला मागच्या रांगेत बसतो. प्रश्न विचारायला हात वर केला की निवेदक म्हणतो, 'थोडक्यात.' एकदा तरी माईक माझ्या हातात हवा.

"तुम्ही बोलणार?" सरांच्या तोंडून गेलं. मग माझ्याकडे पाहून ते सावरले. "पाच मिनिटं करा."

"दहा. खुर्च्या माझ्या."

"सात."

"दहा. खुर्च्या माझ्या, चहाही माझा."

"तुमच्यापुढे कोण टिकणार!" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर हात मारला. आमच्या बाजारात हातावर हात पडला की कागदाची गरज उरत नाही.

मी मूळचा दिघाशीच्या बाजूचा. मिसरूड फुटायच्या आत भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यावर सुताच्या कांड्या भरायला आलो. लूम चालू असताना तिथे शेजारी उभ्या माणसाशीही बोलता येत नाही, बोंबलावं लागतं. पण वाचता येतं. शिफ्टमध्ये थोडी उसंत मिळाली की रद्दीतून आणलेलं पुस्तक काढायचं. आजूबाजूला एवढा गोंगाट की माणसाला एकांत मिळावा. मी वाचनाला लागलो तो असा. त्याच कारखान्याने माझे कान बिघडवले आणि आवाज चढवला. मी 'चहा घेता का' असं विचारलं तरी नवख्या माणसाला ती धमकी वाटते. रागीट तर मी आहेच, ते नाकारत नाही. पण लोक समजतात त्यातला निम्मा राग नुसता आवाज असतो.

माझ्या बाजूच्या लूमवर उत्तर प्रदेशातून आलेला एक कारीगर होता. तोच माझा आजवरचा दोस्त. शुक्रवारी लूम बंद असायचे तेव्हा त्याने मला मैदानावर नेऊन फुटबॉल शिकवला, म्हणजे गोलकीपर म्हणून उभं केलं. "तेरा शरीर दरवाज़े जैसा है, बस खड़ा रह," म्हणायचा. पुढे मी दलालीत गेलो, त्याने हळूहळू स्वतःचे लूम टाकले. मी वर आलो तसा तो मला 'सेठ' म्हणायला लागला. सरही मला शेठच म्हणतात, पण त्यांच्या तोंडून तो मान असतो आणि याच्या तोंडून चिमटा. मला चिमटा जास्त आवडतो.

यंदा त्याने धंदा बंद केला. लूम भंगारात विकले आणि कुटुंबाला पुढे गावी पाठवून दिलं. विकले तेही भंगारवाल्याने तोंड उघडून जो पहिला भाव सांगितला त्याला. मला कळलं तेव्हा मी पेटलो.

"मला का नाही बोलावलंस? त्याला रडवला असता मी!"

"बेच दिया यार. छोड़ ना."

"अरे, पहिल्या भावात कुणी भाजी तरी घेतं का?"

तो नुसता हसला. मला त्याचा फार राग आला आणि आम्ही बरेच दिवस नीट बोललो नाही.

त्यानंतर ती कादंबरी माझ्या हातात आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते मी व्यासपीठावरून घेणार होतो, आता नुसतं छापून काय करू? खाडीवर पूल होतो आणि एक म्हातारा नावाडी आपली होडी विकतो, एवढीच गोष्ट. गिऱ्हाईक भाव सांगतं, म्हातारा मान हलवतो, होडी जाते. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी याला म्हाताऱ्याची असहायता म्हटलंय. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं. असहाय माणूस घासाघीस करतो, उलट तोच जास्त करतो. मी गरज पडलेली माणसं पाहिलीत. ती शेवटपर्यंत ओढून धरतात. पहिल्या भावात देतो तो, ज्याला ती वस्तू आणखी थोडा वेळही डोळ्यांसमोर बघवत नाही. भाव वाढवायचा तर तिचे गुण सांगावे लागतात. तेच म्हाताऱ्याला जमणार नव्हतं. माझ्या दोस्तालाही जमणार नव्हतं. हे मला पुस्तकाने सांगितलं, दोस्ताने नाही.

मला दहा मिनिटं हवी होती ती एवढ्यासाठी. त्याला समोर बसवून हे बोलायचं होतं. घरी जाऊन 'माझं चुकलं' म्हणणं आमच्यात होत नाही. चार लोकांत पुस्तकाच्या आडून झालं असतं.

तो आठवडा मी शाळकरी पोरासारखा काढला. मंगळवारी कादंबरी पुन्हा वाचली. बुधवारी अंबाडीला गाळ्याची साफसफाई बघायला गेलो. भिवंडी-वाडा रस्त्यावर नेहमीसारखे ट्रक अडकलेले होते. या रस्त्यावर वाहतूक तुंबली की न चिडणारा मी बहुधा एकटाच असेन. गाडीत मी ख्याल लावतो. रस्ता मोकळा मिळाला तर विलंबित अर्धवट राहतो आणि मी हळहळतो. चांगली कोंडी असली तर राग पुरा होतो. मात्र अलीकडे गाणारी बाई तारसप्तकात गेली की मला ती ऐकू येईनाशी होते. सारंगी तर केव्हाच गेली. खालचे स्वर तेवढे अजून माझे आहेत. त्या दिवशी गाणं बंद करून मी भाषणच म्हणत बसलो. शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, "काय झालं काका? मी लाइन सोडली का?"

गुरुवारी घरी म्हणून पाहिलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तुमी वाचताव का भांडताव? शेजारीण इचारते, कोन आलाय म्हून."

"भाषण आहे. रविवारचं."

"मंग हलू बोला की. पुस्तकातला म्हातारा काय बहिरा हाय?"

मग ती पाटावर बसली आणि तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. "चांगला हाय," म्हणाली. "पन त्याला सांगा. दुसऱ्या कोनाला काय कलनार न्हाय."

शुक्रवारी मी मैदानावर गेलो. दोस्त कठड्यावर बसून सराव बघत होता. त्याच्या मोहल्ल्याचा संघ फायनलला पोहोचला होता आणि फायनल रविवारी संध्याकाळी, अगदी माझ्या वेळेला.

"सोमवार को गाँव जा रहा हूँ," तो म्हणाला. "फायनल तो साथ में देखेंगे ना, सेठ?"

मी मेळाव्याचं सांगितलं. तो कठड्यावरून उतरला. मग म्हणाला, "तू बोलेगा? स्टेज पर? माइक फट जाएगा."

"फाटू दे. तू ये."

"और फायनल?"

"फायनल दरवर्षी असते."

हे वाक्य मी बोललो. दरवर्षी असते ती त्याच्यासाठी आता नसणार होती, हे बोलताना माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्याने मला त्याच्या ओळखीच्या घरी शायरीच्या बैठकीला नेलं. तिथे शेर आवडला की लोक ओरडतात. मी 'वाह' म्हटलं तर कोपऱ्यातले एक बुजुर्ग खूश होऊन म्हणाले, "जनाब, दाद हो तो ऐसी!" आयुष्यात माझ्या आवाजाचं कौतुक झालं ते तेवढंच. परत येताना वाटलं, उद्याही जमेल.

रविवारी गाळा भरला. मधोमध व्यासपीठ, मागे फुलं. पत्रिकेवर माझं नाव 'विशेष सहकार्य'च्या खाली होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी हाताने थांबा, थांबा केलं. पाहुणे उशिरा आले. मग एका पुढाऱ्याचा सत्कार झाला. तो कार्यक्रमात नव्हता. पाहुण्यांनी आपल्या लेखनप्रवासाची सुरुवात बालपणापासून केली आणि तरुणपणी यायलाच फार वेळ लावला. मी कागद घट्ट धरून पहिल्या रांगेत बसलो होतो. मान वळवली तेव्हा शेवटच्या रांगेत दोस्त दिसला. पायजम्याला मैदानाची माती. तो सामन्याच्या मध्यंतरात उठून रिक्षाने आला होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेऊन खुणेनेच सांगितलं: जोरात बोल.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उठलो. सरांनी माईकवर म्हटलं, "आजच्या वास्तूचे मालक, दानशूर, साहित्यप्रेमी..." आणि माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. मी माईककडे सरकलो तर सरांनी दंड धरला आणि कानाशी म्हणाले, "शेठ, वेळ संपलीय. आभारात तुमचा उल्लेख घेतलाय."

"सर, ठरलंय आपलं."

"समजून घ्या. आणि तुमचा आवाज जरा... पाहुण्यांना वाटायचं, इथे भांडण लागलंय."

मी गप्प बसलो. भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत प्रत्येकावर ओरडलेला माणूस, आणि स्वतःच्याच गाळ्यात नारळ धरून बसलो. का बसलो, ते अजून मला नीट सांगता येत नाही. आवाजाचं बोलल्यावर तोंड उघडायची लाज वाटली, एवढं खरं. तोंड उघडलं असतं तर सरांचं म्हणणंच सिद्ध झालं असतं. गप्प बसल्याचीच हळहळ जास्त वाटते, शाल-नारळाची नाही.

कार्यक्रम संपल्यावर दोस्त बाहेर शटरपाशी उभा होता. त्याचा फोन वाजला. मोहल्ल्याने फायनल जिंकली होती, दुसऱ्या अर्ध्यात एका गोलने. त्याने पोरांना शाबासकी दिली, हसला, फोन ठेवला. मग माझ्या हातातल्या नारळाकडे बघत म्हणाला, "मेरे को इतनी गाली दी, और तू पहले भाव में दे दिया?"

"मला तुला काही सांगायचं होतं."

"तो बोल ना."

आजूबाजूला हमाल खुर्च्या रचत होते, पाहुण्यांची गाडी मागे घेताना ड्रायव्हर हॉर्न मारत होता. जे मी बायकोला, टेम्पोवाल्याला, आरशाला म्हणून दाखवलं, ते त्याच्यासमोर आलं नाही. मी म्हटलं, "फोनवर सांगतो." तो म्हणाला, "ठीक है, सेठ." नारळ मी त्याच्या पिशवीत टाकला, प्रवासात उपयोगी पडेल म्हणून. सोमवारी तो गेला.

फोनवर आमचं बोलणं होतं. हवा, गुडघे, पोरांची शाळा. तिकडे नेटवर्क तुटकं, आणि माझे कान असे. कादंबरीचा विषय काढावा इतका वेळ लाइन टिकत नाही, किंवा मीच टिकू देत नाही.

नंतर सरांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" दुसऱ्यांदा म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की, शेठ. पंधरा मिनिटं देतो." म्हणजे भाव वाढवून दिला. सर, जो माल मी मागितला होता तो पुढच्या वर्षी बाजारात नाही. ऐकणारा गेला.

म्हणून सर, हे लिहून तुमच्याकडे मागतोय. गाळ्याचं भाडं मला नको, तेव्हाही नको होतं. वाचनालयाच्या पुढच्या सभेत उभे राहा, माईक घ्या आणि सगळ्यांसमोर सांगा: हातावर हात मारून मला दिलेली दहा मिनिटं तुम्ही कुणाला दिलीत आणि कुणाला विचारून? आणि एक माणूस आपल्या मोहल्ल्याची शेवटची फायनल अर्ध्यावर सोडून तुमच्या मागच्या रांगेत येऊन बसला होता. तो काय ऐकून गेला, याचं उत्तर मला नाही, त्याला द्या. नंबर माझ्याकडे आहे. मी लावून देतो, बोला.