कोळीवाड्याच्या माथी मारलेलं पाणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगताना तुम्ही मनात काय म्हणत असाल, याचाच अंदाज घेतेय. काय करणार, स्वभावाला औषध नाही. दूधवाला हसून बोलला तरी मी आधी दुधाकडे बघते.

तेव्हा मी पनवेलला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होते. काम काय? सगळ्या लाइनींचं जाळं संगणकात उभं करायचं — त्याला आम्ही मॉडेल म्हणतो — आणि कुठे किती जोरात पाणी पोचेल ते आधीच सांगायचं. उलव्याकडे इमारती भराभर उठत होत्या. तिथल्या एका नव्या सोसायटीच्या टाकीत पाणी चढेना. माझा संगणक म्हणे, चढायलाच हवं. लाइनीवरचं मीटर म्हणे, नाही.

आमच्या धंद्यातली एक खोड सांगते. असा फरक पडला की तो कुठेतरी खपवायचा — आकडे जुळेपर्यंत संगणकात एखाद्या वस्तीचा वापर वाढवत न्यायचा. जुळले की त्याला गळती म्हणायचं, नाहीतर चोरी. पण कुठली वस्ती? ते संगणक सांगत नाही. ते समोर बसलेलं माणूस ठरवतं.

मी खाडीकडचा कोळीवाडा धरला. का? लाइनीची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, सोडणारा-बंद करणारा कंत्राटी कामगार हरेश्वर तिथलाच. शिवाय तो मला अधूनमधून कोळंबी आणून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. फुकट कोण देतं हो? इथं काहीतरी पाणी मुरतंय, असं माझं ठाम मत. कोळंबी मात्र मी खात होते — तेही सांगून टाकते.

आकडे चपखल जुळले. साहेबांनी विचारलं, चोरी नक्की? मी म्हणाले, मॉडेल तेच सांगतंय. मॉडेल कुठलं सांगतंय — मीच त्याला पढवलं होतं ना? कोळीवाड्याची चावी आवळली गेली. हरेश्वरला कंत्राटदाराने घरी बसवलं.

त्याने मला ऑफिसच्या जिन्यात गाठलं. "मॅडम, मी कदी चोरून चावी नाय फिरवली. तुमी एकदा येऊन बगा, आमच्याच घरान पानी नाय." मी गेले नाही. एवढा गयावया करतोय म्हणजे नक्कीच खाल्लंय, असं वाटलं मला.

पुढे कोन गावाजवळ रस्त्याच्या कामात आमची मोठी लाइन उघडी पडली, म्हणून बघायला गेले. खड्ड्यात वाकून पाहिलं. पाइप बारीक होता — पुढे पाणी कमी पोचत होतं ते त्यामुळे. माझ्या मॉडेलमध्ये तो चांगला जाड होता. मधला तुकडा कधीतरी बदललेला, आणि मी माप भरलेलं जुन्या नकाशावरून, जागेवर न जाता. जगावर संशय घेणारी मी — स्वतःच्या मापावर एकदाही घेतला नाही.

ऑफिसात येऊन माप बदललं. मॉडेलमध्ये कोळीवाड्यावर टाकलेलं पाणी काढून घेतलं. आकडे जुळले, आधीपेक्षा छान. आता साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, एवढंच उरलं होतं. पण चावी सैल करा म्हणावं तर का, ते सांगावं लागलं असतं. सोसायटीच्या टाकीत आता पाणी चढत होतं, साहेब माझं कौतुक करत होते, बढतीचं चाललं होतं. मी घाबरले. जागेवरच बसून चहा मागवला.

बढती मिळाली. चावी आवळलेलीच राहिली. कोळीवाड्यातल्या बायका टँकरमागे हंडे घेऊन पळायला लागल्या, ते मी ऑफिसच्या गाडीतून पाहिलं आणि काच वर केली.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बातमी आणली. तुझ्यामुळे आमचं पाणी गेलं म्हणून हरेश्वरला गावकीत सगळ्यांसमोर उभं केलं, आणि तो तिथे रडला. सांगणारा त्याची नक्कल करत होता. टेबलाभोवती सगळे हसले. मीही हसले. तो चोर नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.