प्युअर व्हेज पिल्लू

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोईसरला आमच्या कारखान्याच्या कॉलनीत घरात वस्तू येण्याचा क्रम ठरलेला होता. आधी फ्रीज, मग रंगीत टीव्ही, मग पॉमेरेनियन. आमच्याकडे पहिल्या दोन्ही झाल्या होत्या, म्हणून नवऱ्याला तिसऱ्याची घाई झाली. मला कुत्र्यांचं प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. फरशी कोण पुसणार, एवढं मात्र मला आधीपासून माहीत होतं.

पहिल्यांदा आम्ही रीतसर केळव्याला गेलो. तिथे नारळी-सुपारीच्या वाडीत एक विधवा बाई पॉमेरेनियन पाळायची. तिच्याकडे एकच मादी होती आणि वर्षाआड एकच वेत. शनिवार-रविवारी मुंबईहून समुद्रावर येणारी माणसं तिच्या वाडीत शहाळी प्यायची आणि निघताना पिल्लू मागायची. त्यांना ती आणखी एक शहाळं द्यायची.

आम्हाला तिने ओटीवर बसवलं आणि प्रश्न सुरू केले. दिवसा घरी कोण असतं? मजला कितवा? गावाला गेलात की कुत्रं कुणाकडे ठेवणार? आधी काही पाळलंय का? नवरा म्हणाला, पोपट होता. त्याचं काय झालं? उडाला. बाई उठली. मग तिने आम्हाला पिल्लांची आई दाखवली आणि आपल्या अटी सांगितल्या. दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडणार नाही, आणि आधी घर बघायला येणार. शेवटी तिने विचारलं, खायला काय घालणार? आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, असं नवऱ्याने जरा ताठ बसून सांगितलं.

“तुमी हाय,” बाई म्हणाली. “कुत्रा नाय.”

पालघर येईपर्यंत नवरा स्कूटरवर एकटाच बोलत होता. घर बघायला येणार म्हणे. आपण कुत्रं घ्यायला गेलो होतो की सोयरीक जुळवायला?

दुसऱ्याच दिवशी तो बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात गेला. मीही गेले, कारण ओझं मलाच धरायचं होतं. तिथे रंगीत मासे आणि लव्हबर्ड्स मिळत, आणि काचेच्या एका कोरड्या टाकीत, वर्तमानपत्रावर, पिल्लं. दुकानदाराने आम्हाला एकच प्रश्न विचारला : रिबन लाल की निळी? आई कुठे आहे, असं मी विचारलं, तर म्हणाला, “माँ बम्बई में है, मॅडम.” जणू ती तिकडे नोकरीला होती. मग तो नवऱ्याकडे वळला. “और साहब, प्युअर व्हेज है. दूध-बिस्किट के सिवा कुछ छूता नहीं.”

या वाक्यावर सौदा झाला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं कुत्रं याच दुकानातलं होतं. ते दहीभात खायचं आणि एकादशीही पाळायचं, असं त्या सगळ्यांना सांगत. दुकानदाराला कॉलनी चांगली ठाऊक होती.

बुटांच्या खोक्यातून आणलेलं ते पांढरं पिल्लू दूध-बिस्किटाशिवाय खरंच काही खात नव्हतं, कारण दुसरं काही खाण्याचं त्याचं वयच झालेलं नव्हतं. आठवडा संपायच्या आत त्याला जुलाब लागले आणि ते उभं राहीना. पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन म्हशींच्या मध्ये त्याला तपासलं, जंतांचं औषध दिलं आणि सांगितलं की हे फार लवकर आईपासून काढलंय. नुसत्या पातळ दुधावर जगणार नाही. अंडं द्या, जमलं तर मासळीचं पाणी द्या. नवऱ्याने मान हलवली. ती होकाराची नव्हती.

मी खोकं घेऊन दुकानात गेले. दुकानदार मुळीच भांडला नाही. खोक्यात डोकावून म्हणाला, “बदल के दे देता हूँ, मॅडम.” या पिल्लाचं काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, इसको यहीं छोड़ दो, आणि टाकीतलं दुसरं पिल्लू उचललं. मी बल्बसुद्धा बदलून घेताना दुकानात पेटवून बघते, पण पिल्लू म्हणजे बल्ब नव्हे. मी खोकं उचललं आणि केळव्याची एसटी धरली.

बाईने मला वाडीच्या फाटकाशीच थांबवलं. “आत नका आणू. माज्या पिल्लांना लागंल.” याची आई पाहिली होती का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आई मुंबईत आहे. दुकानवाल्याकडेच परत न्या, ती म्हणाली. मी म्हटलं, नेलं होतं. तो बदलून द्यायला तयार आहे.

“आनि ह्याचं?”

“इथेच सोडा म्हणाला.”

बाईने फाटक उघडलं. घरापासून लांब, नारळ ठेवायच्या खोपीत तिने गोणपाट अंथरलं, माझे हातपाय धुवून घेतले आणि मला घरी पाठवलं. जगलं तर कळवीन, एवढंच बोलली.

ते जगलं. पण कळवायला ती स्वतःच आली, आणि पिल्लू न घेता आली. घर बघायचं राहिलं होतं.

नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली. मी पोहे केले. बाईने गॅलरीचे गज हलवून पाहिले, जिना पाहिला, मोरी पाहिली, मग पोहे खाल्ले. पोपटाचा विषय निघाला नाही. शेवटी तिने जुनाच प्रश्न विचारला, “खायला काय घालनार?”

नवरा म्हणाला, गॅलरीत वेगळा स्टोव्ह ठेवू. भांडंही वेगळं.

“काय शिजवनार त्याच्यावर?”

त्याने दाराकडे पाहिलं. ते बंद होतं.

“सुकट,” तो हळूच म्हणाला.

“रविवारी न्यायला या,” बाई म्हणाली. “आनि जमलं नाय तर मलाच परत द्या. दुसरीकडं देऊ नका.”

परत द्यायची वेळ आली नाही. पिल्लू वाढलं तसे त्याचे कान पडले, शेपूट सरळ झालं, पाठीवर तांबूस डाग आले. पॉमेरेनियनचं त्याच्यात काही उरलं असेल तर ते त्या रिबनीत. फरशी मीच पुसत होते. सुकट मात्र नवरा शिजवायचा, नाकाला रुमाल बांधून.

महिनाभराने वरच्या वहिनी वासाची तक्रार घेऊन खाली आल्या. त्यांचं कुत्रं त्यांच्याआधीच येऊन आमच्या स्टोव्हसमोर बसलं होतं. त्या दिवशी एकादशी होती का, हे मी विचारलं नाही.