बसून खाणारा माणूस

माझे सासरे मोताळ्याजवळच्या वावरात जन्मभर राबले. मुलाला बियाणं-औषधांचं दुकान टाकून दिलं आणि गावभर सांगत सुटले, "माह्या पोराले आता बसून खाणं हाये." आमच्या घरात बसणं म्हणजे मान. नवरा सकाळी दुकानातल्या खुर्चीत टेकला की दिवे लागल्यावरच उठायचा. पाण्याचा ग्लाससुद्धा नोकर हातात द्यायचा. शुगर निघाली, तरी गोळी गिळून बसलाच. जरा चाला म्हटलं की हसायचा, "पायी फिराले मी का हमाल हाये?"

एका दुपारी दुकानातच छातीत कळ आली. अकोल्याला नेलं, स्टेंट टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, "रोज थोडं थोडं वाढवत चालवा यांना. आणि सकाळी फिरून आले म्हणून दिवसभर बसायचं नाही. मधेमधे उठायलाच पाहिजे."

भावासाठी सासरहून धावत आलेली मोठी नणंद घरी पलंग घालून तयारच होती. नवरा अंगणात निघाला की ती आडवी यायची.

"भावाच्या काळजाले धक्का बसला, अन् तू त्याले फिरवून राह्यली?"

"ताई, डॉक्टरनंच सांगतलं."

"डॉक्टरचं काय जाते? कुंकू तुह्यं हाये!"

भेटायला येणारेही तेच. गोड चहा प्यायचे आणि 'हलू नका' सांगून जायचे. नवरा घाबरला होता, मला दिसत होतं. पण त्या भीतीत सुखानं लोळतही होता.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. नवरा तोंड धुवायला उठला, तसा पलंग उचलून भिंतीला उभा केला. "अहो, चपला घाला." नणंद रडायला लागली. मी वळून पाहिलं नाही.

चौकात तो थांबला. मी जवळ गेले. "दुखते का?"

"नाही. भेव वाटते."

तेवढ्यात पानवाला प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावला, "बसा शेठ, बसा." मी ती अशी ढकलली की रस्त्यात उलटी पडली. "बसा म्हणणारे लय हायेत इथं! चाला म्हणणारा एक नाही!" सारा चौक बघत राहिला. नवरा शरमेनं का होईना, पुढे निघाला. मीही.

आता तो बाजार समितीपर्यंत जाऊन येतो. शुगर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. दुकानात गिऱ्हाईक आलं की स्वतः उठून पुडा काढतो. लोक म्हणतात, शेठनं तब्येत कमावली. मला म्हणतात, बाई लय तापट.

परवा नणंदेचा फोन आला. तिलाही शुगर निघाली. मी म्हटलं, "ताई, उद्यापासून चाला."

"मले काऊन चालाले लावतं? मले आराम सांग."

मी फोन ठेवून दिला. अजूनही तिला परत फोन केलेला नाही.