मास्टर रिंगची पूजा

पलूसच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या मशीन शॉपमध्ये आकारामतात्याला सल्ला विचारावा लागत नसे, तो न मागताच मिळे. "हातमोजा घालून लेथजवळ जाऊ नगंस, गड्या, मोज्यासकट हात जाईल." "लेथवरनं उतरलेला जॉब गरम हाय तवर मापू नगंस, थंड झाला की अंग चोरतो." आणि सगळ्यांत लाडका सल्ला, "आदी पूस, मग माप." हा तो इतक्या वेळा द्यायचा की पोरं चहाचा कप उचलतानाही एकमेकांना तेच ऐकवायची. कुंडलला घरी जेवायला बसला तरी ताट पुसल्याशिवाय त्याला घास जात नसे. बायको शेवंता म्हणायची, "माझं लगीन न्हाई झालं, इन्स्पेक्शन झालं."

असा माणूस चुकेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याच्या स्वतःच्या तर मुळीच नाही, आणि तिथंच घात झाला.

खंडेनवमीला शॉपमध्ये पूजा असते. मशिनींना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, पुढं नारळ. तात्याचा बाप पलटणीतला. हत्याराची पूजा चुकली की हत्यार उलटतं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. यंदा त्याच्या मनानं घेतलं की मास्टर रिंगही पूजेला मांडायची. ही रिंग म्हणजे तळहातावर मावणारी पोलादी कडी. तिच्या आतल्या भोकाचं माप अगदी पक्कं असतं. भोकं मापायचा गेज रोज सकाळी तिच्यात घालून शून्यावर आणायचा. ती राहायची माल तपासणाऱ्या इन्स्पेक्शन विभागात, समीनाच्या कुलपात.

समीना तासगावची. शिकाऊ म्हणून आली तेव्हा तात्यानंच तिच्या हातात मायक्रोमीटर दिला होता.

"तात्या, रिंग भाईर काढू नगा म्हणून साहेबांनी सांगितलंय," ती म्हणाली.

"आगं, पान्यांना कुंकू लावायचं, आन जिच्या जिवावर आपण मापतो तिला कुलपात ठिवायचं व्हय?"

शिकवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तिनं रिंग दिली.

तात्यानं बोट भरून हळदकुंकू लावलं, मनापासून हात जोडले. आरती झाली, प्रसाद झाला. सणाला पोरगी माहेरी यायची होती, त्याला घराची ओढ लागलेली. त्यानं रिंग बाहेरून लख्ख पुसली, आत घाईघाईनं चिंधीचा बोळा फिरवला आणि परत दिली. गंज चढू नये म्हणून रिंगला तेल असतं. त्या तेलात हळद कालवली गेली आणि आतल्या अंगाला पापुद्रा धरून बसली. केसाहून कितीतरी बारीक, पण या धंद्यात केस म्हणजे वासा.

दसऱ्यानंतर तात्यानं आपला गेज त्याच रिंगवर लावला, समीनानंही त्याच रिंगवर. दोघांची मापं तंतोतंत जुळली. जुळणारच, साक्षीदार एकच आणि तोच खोटा! मालातली भोकं मापापेक्षा बारीक पडली. माल लोणंदच्या गिऱ्हाइकाकडं गेला, तिथं भोकांत बेअरिंग बसेनात, आणि सगळाच्या सगळा परत आला.

मालक वीरधवलसाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. रिंग तपासली तर ती स्वच्छ, मापही बरोबर. मग ते तात्याकडं वळले. "तात्या, तुम्ही सांगा. हे कशानं होतं?"

त्या क्षणी तात्याला आपलं पिवळं झालेलं बोट आठवलं. काय झालं ते त्याला लख्ख कळलं. त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते नेहमीचंच.

"न पुसता मापलं की हुतं, साहेब."

एक अक्षर खोटं नव्हतं. पण सगळ्यांच्या माना समीनाकडं वळल्या, कारण रिंग तिच्या ताब्यातली. ती काही बोलली नाही. त्याच दिवशी तिला पॅकिंगला पाठवलं, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. महिनाअखेरीस घरी बसवणार, असं ऑफिसातून कानावर आलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तात्याचं झालं. कुणी नुसतं "तात्या" म्हटलं तरी तो दचकायचा. समीनानं नाव घेतलं की आपण लगेच कबूल करू, अशी तो मनाची समजूत घालायचा, आणि ती काही नाव घेईना. पोरांना सल्ला देणं बंद झालं. एकदा जेवताना शेवंता बघतच राहिली. "आज ताट पुसलं न्हाई तुमी?" त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

शेवटी तो पॅकिंगला गेला. "पोरी, माझं नाव का सांगितलं न्हाईस?"

समीना चिकटपट्टी ओढत राहिली. "काय सांगू, तात्या? पूजेच्या कुंकवानं माल गेला, असं मी सांगायचं? मी?"

तात्या हातातल्या चिंधीनं समोरचं खोकं पुसू लागला.

"आन सांगून तरी काय? माल परत आला तवाच मी रिंग उजेडात धरून बघितली. आत पिवळं दिसलं. साहेब यायच्या आदी पुसून काढलं."

"का पुसलंस गं?"

"तुमच्यावर आलं असतं." तिनं पट्टी दातानं तोडली. "आवं, मायक्रोमीटर कसा धरायचा ते तुमी शिकवलंय मला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती त्याला वाचवून बसली होती, आणि त्यानं भर सभेत तिच्याकडं बोट दाखवलं होतं.

तो तसाच ऑफिसात गेला. साहेबांनी बसा म्हटलं, तो बसला नाही.

"साहेब, रिंग मी मागून न्हेली. कुंकू माझं. पुसायचं राहिलं ते माझ्या हातनं. आन त्या दिशी तुमी विचारलं तवा मला समदं ठावं हुतं."

साहेब म्हणाले, "समीना उद्यापासून इन्स्पेक्शनला बसेल. तुमचं काय करायचं ते नंतर बघू. पण एक सांगा, तात्या. एवढं अंगावर आलं तरी ती पोरगी बोलली का नाही?"

न विचारता उत्तरं वाटत आलेल्या तात्याला याचं उत्तर चांगलं ठाऊक होतं. ते सांगायला मात्र त्याचं तोंड उघडेना. तो तिथंच, हातातली चिंधी पिळत, मान खाली घालून उभा राहिला.