खोक्यातली पिल्लं

कळव्याच्या खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा बाबांनी कोंबड्या पाळायचं ठरवलं. मासळीच्या लाकडी खोक्यात त्यांनी भाताचा तूस पसरला, वर बल्ब टांगला आणि त्यात नुकती जन्मलेली पिल्लं सोडली. बल्बच्या दोरीला ते कुणाला हात लावू देत नसत. पिल्लं एकमेकांना चिकटून बसली की बल्ब खाली घ्यायचे, कोपऱ्यात पळाली की वर.

ऊब बाबांची, तर खाणं आईचं. मक्याच्या नुसत्या भरड्याला तिने नाक मुरडलं. आम्हा कोळ्यांच्या घरात अंगी लागणारं खाणं म्हणजे मासळी. तिने खारवलेली सुकी मासळी कुटून भरड्यात मिसळली. "खा गो बायो," म्हणत ती खोक्याशी बसायची. मलाही ती बायोच म्हणायची.

पिल्लं पाण्यावर तुटून पडली. आई खूश होऊन पाणी भरत राहिली. मग एकेक पिल्लू लटपटायला लागलं आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत खोकं गप्प झालं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, मिठाने मेली. एवढ्याशा जिवाला मीठ सोसत नाही. बाबांनी खोक्यावरचा बल्ब विझवला. मला मात्र त्या डॉक्टरचा संताप आला. हे तिच्यासमोर सांगायची काय गरज होती?

पुढे कित्येक वर्षांनी माझ्या लेकीचं उष्टावण होतं. मी वाटी आईपुढे धरली. नुसती तांदळाची गोड खीर होती. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच भरव गो बायो," ती म्हणाली.