करडू फरशीवर उभं राहीना

आमच्या घरात फरशी बसवायची सगळ्यात जास्त हौस होती ती सासूबाईंना. हे आधीच सांगते, कारण पुढची हकीकत ऐकून लोकांना वाटतं, म्हाताऱ्या बाईने विरोध केला असेल आणि आम्ही ऐकलं नसेल. तसं काही झालं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हे घर शेणाने सारवलं होतं. पावसाळ्यात जमीन ओल धरायची, उन्हाळ्यात पोपडे निघायचे, आणि गुडघ्यांवर बसून हात फिरवायचे ते त्यांनीच. मी आल्यावर ते काम मागून घेतलं, पण माझ्या हातचं सारवण त्यांना कधी पसंत पडलं नाही. मी उठले की त्या मागून येऊन पुन्हा हात फिरवायच्या.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढे, सेनगाव तालुक्यात. सासऱ्यांच्या काळात घरी मेंढरं होती. आता शेळ्या आहेत आणि थोडी शेती, तीत सोयाबीन आणि हळद. घराच्या भिंतींना गिलावा झाला होता, पत्रे नवे घातले होते, राहिली होती ती खालची जमीन.

मला विचारायची सवय आहे. एखादी गोष्ट घ्यायची तर ज्यांनी घेतली त्यांच्याकडे मी आधी जाऊन येते. शेजारच्या तांड्यावर माझी एक मैत्रीण आहे, बचत गटामुळे ओळख झालेली. तिचं नवं घर नुकतंच झालं होतं. माझ्या नणंदेनेही हिंगोलीत घर पूर्ण सुधारून घेतलं होतं. दोघींकडे जाऊन मी विचारलं, काम कसं झालं? दोघीही म्हणाल्या, छान झालं. मैत्रिणीने स्वयंपाकाचा नवा ओटा दाखवला, नणंदेने पांढरीशुभ्र फरशी दाखवली. चहा पिऊन मी परत आले.

हिंगोलीच्या दुकानात सासूबाई आमच्याबरोबर जीपने आल्या. दुकानदाराने आधी खरबरीत फरशी काढली. त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि बाजूला सारली.

"ही न्हाई. आरशावानी पायजे."

"मायला जी आवडंल ती द्या," नवरा म्हणाला.

मलाही तीच आवडली होती. फिकट साईच्या रंगाची, मधून तपकिरी रेघ गेलेली.

दिवाळीनंतर काम झालं. चुलीच्या खोलीतही तीच फरशी बसवली, कारण मधेच वेगळी जमीन सासूबाईंना नको होती. गवंडी गेल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने सगळं घर पुसलं आणि खाटेवर बसून नुसतं बघत राहिल्या. खिडकीचा उजेड फरशीवर पडून भिंतीवर चढायचा. त्या म्हणाल्या, "पानी सांडलं तरी आता भेव न्हाई."

मग थंडी पडली आणि शेळ्या व्यायला लागल्या.

थंडीतली करडं आम्ही गोठ्यात ठेवत नाही. शेळीने चाटून कोरडी केली की उचलून चुलीच्या खोलीत आणतो. ती तिथे ऊब धरतात, धडपडत उठतात, पडतात, पुन्हा उठतात, आणि थोड्या वेळात खाटेच्या पायांना ढुशा द्यायला लागतात. दर वर्षीचंच. त्या सकाळी सासूबाईंनी तपकिरी शेळीचं करडू आणून चुलीपाशी ठेवलं. ते पुढच्या पायांवर उठलं आणि मागचे पाय दोन बाजूंना फाकले. पोट फरशीला टेकलं. पुन्हा उठलं, पुन्हा तसंच.

"याच्या पायात जोर न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कोमट तेलाने पाय चोळले. शेळीला आत आणून चीक पाजला. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही अशक्तपणा असेल असं सांगितलं. दुपारपर्यंत करडू फरशीवर पोहल्यासारखे पाय हलवत होतं. दुसऱ्या दिवशी काळी शेळी व्याली, तिची दोन करडं आत आणली. तीही तशीच. सासूबाईंचं तोंड उतरलं. एवढ्या वर्षांत अशी पाय पसरणारी करडं त्यांनी पाहिली नव्हती.

"काही रोग तर शिरला न्हाई?" त्या माझ्या नवऱ्याला विचारत होत्या. "एकाला असतं. तिन्हीला काहून?"

मला पहिल्या करडाचे खूर बघायचे होते. आत नीट दिसेना म्हणून मी ते अंगणात उन्हात नेलं आणि खाली ठेवलं. मी वाकून खूर बघणार तोच ते उभं राहिलं. जरा हललं, आणि चालायला लागलं.

मी ते उचलून आत नेलं. पाय फाकले. बाहेर आणलं. उभं. मग दुसरं आणलं, मग तिसरं. बाहेर तिन्ही उभी, आत तिन्ही पालथी. मला हसू येत होतं. सासूबाई दारात उभ्या राहून माझं चाललेलं बघत होत्या.

"काय करून राहिली तू?"

"आत्याबाई, इकडं बघा."

मी पुन्हा एकदा करून दाखवलं.  त्या आत गेल्या, खाली बसल्या आणि दुकानात फिरवला होता तसाच तळहात त्यांनी फरशीवरून फिरवला.

"म्हंजी फरशीच," त्या म्हणाल्या.

आम्ही पोती अंथरली. पोती करडांसकट सरकली. सतरंजी टाकली, ती करडांनी ओली केली. पहिल्या करडाचा मागचा एक पाय तोवर सुजला होता. डॉक्टर येऊन बघून गेले, मांडीचा सांधा ताणला आहे म्हणाले. पाय सैल बांधून दिला. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण अर्धंच केलं.

पण मला वेगळाच प्रश्न पडला होता. शेळ्या तर तांड्यावरही आहेत. मैत्रिणीला हे ठाऊक असणार, मग ती बोलली कशी नाही? मी तिच्याकडे गेले आणि करडांची सगळी गोष्ट सांगितली. ती आधी हसली. मग म्हणाली, "आमची बाहीरच ऱ्हातात, त्याचं मला ठाऊक न्हाई. पर तू इकडं ये."

तिने मला पुन्हा त्याच स्वयंपाकघरात नेलं. ओटा चकचकीत होता. त्यावर डबे होते, मिक्सर होता, पाण्याचे हंडे होते. परातीचा पत्ता नव्हता. तिने मागचं दार उघडलं. मागे विटांची चूल होती, शेजारी परात आणि बसायला पाट.

"ओट्याचं माप मिस्त्रीनं सोताच्या कमरेवर घेतलं," ती म्हणाली. "तो उंच, मी एवढीशी. भाकर थापायला वरून जोर लागतो का न्हाई? तिथं उभं ऱ्हाऊन खांदे भरून येत्यात. म्हनून भाकरी हितं."

"मग तवा काहून सांगितलं न्हाई?"

"तवा तू काम कसं झालं म्हनून विचारलं. काम चांगलंच झालं व्हतं."

मी वाटभर तेच घोळवत आले. पुढच्या बाजाराला हिंगोलीला गेले तेव्हा नणंदेला घर कसं आहे हे विचारलंच नाही. विचारलं, "ताई, घरातलं रोज कशाशी भांडण होतं?"

तिने एकदम खाली बोट दाखवलं. पांढऱ्या फरशीच्या सांध्यांमधलं सिमेंट पिवळं झालं होतं. तिच्या नवऱ्याचा हळदीचा व्यापार आहे, माणसं पायाला हळद घेऊनच घरात येतात. तिने घासून पाहिलं होतं, लिंबू लावून पाहिलं होतं.

"आता कुनी विचारलं तर सांगते, मुद्दाम पिवळे सांधे घेतले," ती म्हणाली, "लोकंच म्हणून राहिले, सांधे चांगले दिसतात."

त्यानंतर मला नादच लागला. लोक घर दाखवायला लागले की मी आधी आमच्या करडांचं सांगते. ते ऐकलं की माणूस मोकळा होतो. कोणी कपाटामागे गेलेलं दिव्याचं बटण दाखवतं, कोणी पूर्ण उघडलं की दुसऱ्या दारावर आपटणारं दार. एक म्हातारे गृहस्थ तर मला हात धरून खिडकीपाशी घेऊन गेले. शेत दिसावं म्हणून ती पश्चिमेला ठेवली होती, आणि दुपारभर तिच्यावर चादर टांगलेली असायची. हे सांगताना कोणी फारसं दुःखी नसतं, याचंच मला नवल वाटतं. उलट त्यांना मजा येते.

आमच्याकडे मात्र तोडगा निघायचा होता. मी म्हटलं, चुलीच्या खोलीतली फरशी काढून टाकू. गवंडी आला, त्याने छिन्नी काढली. सासूबाई आडव्या आल्या.

"फोडायची न्हाई. करडं वर्साला दोन म्हयने. फरशी बारा म्हयने."

"मग करडं कुठं ठेवायची?" नवऱ्याने विचारलं.

त्यांनी ठरवून ठेवलं होतं. घराच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची छपरी करायची, तीन बाजूंनी बंद, खाली मुरूम आणि माती, कोपऱ्यात चूल. आठवड्याच्या आत छपरी उभी राहिली. खालची जमीन सासूबाईंनी स्वतः सारवली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "एवढ्याशा जाग्याला काय तकलीफ?"

करडं तिथे उड्या मारायला लागली. पाय बांधलेलंही उठलं. ते आता मोठं झालं आहे, पण पळताना एक पाय जरा बाजूला टाकतं. सासूबाई त्याला विकू देत नाहीत.

मला अंदाज नव्हता तो पुढच्या गोष्टीचा. करडांवर लक्ष ठेवायला म्हणून त्यांनी आपली खाट छपरीत नेली, ती थंडी संपल्यावरही परत आणली नाही. नवरा संध्याकाळचा चहा तिथेच घेतो. मीही भाजी निवडायला तिथेच जाते. समोरची खोली पुसून स्वच्छ असते, पाहुणे आले की त्यांना तिथे बसवतो, आणि थोड्या वेळाने तेही मागे येतात.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "आत्याबाई, फरशी घेतली त्याचं वाईट वाटतं का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "फरशी चांगलीच हाय. दुपारी तिच्यावर पडायला लई गार लागतं."

त्या खरंच दुपारी तिथे जाऊन उशीशिवाय पडतात.

आता त्यांना छपरीला खिडकी हवी आहे, निजल्या जागेवरून गोठा दिसेल अशी. नवऱ्याचं म्हणणं, दाराच्या उंचीला धरून करू म्हणजे दिसायला बरी दिसेल. काल गवंडी माप घ्यायला आला आणि भिंतीपाशी उभा राहून खुणा करायला लागला. मी त्याला म्हटलं, दादा, आधी त्या खाटेवर जरा आडवे व्हा. तो लाजला, मग चप्पल काढून सासूबाईंच्या खाटेवर पडला आणि मान वळवून भिंतीकडे बघायला लागला.