भाताच्या पोत्यांआड अडलेला वेग

माधवराव सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते लोणावळ्याच्या एका हॉटेलात, लॅपटॉप छातीशी धरून उलटे चालताना. मी त्याच दिवशी इंटरनेट जोडणीच्या कंपनीत त्यांच्या हाताखाली नोकरीवर रुजू झाले होते. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी मला विचारले, "या मोठ्या आरशामागे वायफाय का मरगळतं, सांगा बरं?" मी आरशाच्या कडेने मागे डोकावले. "मलाही कालपर्यंत माहीत नव्हतं," म्हणत ते प्रसन्न हसले. आरशाच्या पाठीवरचा धातूचा थर लहरींना परतवतो, हे मला तिथेच कळले.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत, तेव्हा औंढ्याची हकिगत सांगायलाच हवी. तिच्यातली चूक माझी आहे.

औंढ्याच्या समाजमंदिरात आम्ही फायबर नेऊन वायफाय बसवले होते. सुगी झाली आणि वेग पार बसला. मी मोबाइलवर आकडा पाहिला, फायबर जमिनीखाली दुखावली असणार असे ठरवले आणि खोदाईचा अहवाल लिहून मोकळी झाले. ती फायबर हिराबाई मावशींच्या शेतातून गेली होती. अहवाल पाठवण्याआधी खोदायची जागा पाहायला गेले, तर मावशी बांधावर आल्या. "पोरी, आत्ताच कुटं मसूर उगवलीय. गेल्या साली बी तुमीच खनलं व्हतं. दर साली माजं पीक तुमच्या तारंपायी घालवू व्हय?"

सर तेव्हा निवृत्त झाले होते, तरी मी बोलावताच आले. अहवाल वाचून त्यांनी एवढेच विचारले, "तारेने मोजलं का?"

मोजले नव्हते. लॅपटॉप थेट तारेने जोडला, तर वेग पुरेपूर! फायबर ठणठणीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सर मात्र हॉलभर वास घेत फिरत होते. गावाच्या रिवाजाप्रमाणे नवे भात तिथेच ठेवले होते, पोत्यांची थप्पी पुरुषभर उंच, नेमकी राउटरसमोर. ओल्या दाण्यांतले पाणी लहरी शोषून घेत होते. राउटर वर टांगला की काम संपत होते, पण सरांना चैन पडेना. "भात वाळेल तसा वेग वाढतो का, बघू या की!" गावाकडून त्यांनी चार दिवस मागून घेतले. पोती रोज उन्हात जात, संध्याकाळी परत रचली जात आणि सर मोजत. आकडा खरेच चढत गेला. शेवटी मावशीच विचारू लागल्या, "आज किती वाढलं वो, आबा?"

सरांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. "मावशींना मात्र तुम्हीच सांगा," एवढेच म्हणाले. मी गेले, चूक कबूल केली. मावशी म्हणाल्या, "मंग आदी बघायचं व्हतं न्हवं!" आणि चहा टाकला. पुढे त्यांनी सरांना पिशवीभर मसूर पाठवली. सरांनी त्यातली निम्मी माझ्या हाती ठेवली.

तो अहवाल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, न पाठवलेला. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. मला अजून पुष्कळ अहवाल लिहायचे आहेत आणि कुणाचे तरी शेत खणले जाण्याआधी "तारेने मोजलं का?" असे विचारायला सर हवेत.